वाढत्या अंगाचा युनिफॉर्म

जुलैचा शेवटचा शनिवार, सकाळचे आठ. डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या उपनगरात उन्हाने एवढ्यातच डोळे वटारलेले, आणि मी हायस्कूलच्या बँड हॉलमागच्या बिनखिडकीच्या खोलीत गळ्यात मापाची टेप अडकवून उभी. समोर नववीत येणाऱ्या मुलामुलींची रांग. छाती, कंबर, सीट, पायाची आतली लांबी आणि डोक्याचा घेर अशी पाच मापं घ्यायची, कार्डावर लिहायची आणि कार्ड पलीकडच्या बाईंकडे सरकवायचं. त्या हँगरवरून कोट आणि बिबर काढून देतात. बिबर म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार. तिच्यावर कोट, मनगटांवर कडक आवरणं, डोक्यावर शाको नावाची उंच टोपी. एवढा संभार अंगावर चढवून ही पोरं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर वाजवत वाजवत पुढे, मागे, तिरकी सरकत सात-आठ मिनिटांचा खेळ करणार असतात. तेही टेक्सासमध्ये.

मार्चिंग बँडमधलं माझ्या मुलीचं हे तिसरं वर्ष. युनिफॉर्मच्या खोलीतलं माझंही तिसरंच.

माप घ्यायचा पहिला नियम असा, की आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही. हा नियम मला कोणी आधी सांगितला नव्हता, चूक करून शिकले. पहिल्या वर्षी एक हडकुळा मुलगा समोर आला. टेप त्याच्या कमरेला जवळजवळ दोन वेढे बसेल अशी. मी आपलं मायेने म्हटलं, "काय रे, घरी जेवायला घालत नाहीत का तुला?" तो हसला, पण त्याचे कान लाल झाले. आमच्या खोलीच्या प्रमुख बाई म्हणजे साठीच्या पुढच्या, स्वतःची मुलं बँडमधून बाहेर पडून कैक वर्षं झाली तरी दर जुलैला हजर होणाऱ्या. त्यांनी मला हँगरांच्या मागे नेलं आणि हळूच म्हणाल्या, "इथे अंगाबद्दल काही बोलायचं नाही. चांगलंही नाही."

मला झोंबलं. आमच्याकडे विमानतळावर उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य "सुटलीस गं जरा" हे असतं, आणि त्याला आपण आपुलकी म्हणतो. पण मग रांगेकडे नीट पाहिलं. चौदा वर्षांची मुलं. कोणाचा आवाज फुटतोय, कोणी पोक काढून उभी आहे, कोणी दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेत. नव्या शाळेतला हा त्यांचा पहिला दिवस, आणि पहिली गोष्ट काय, तर एक अनोळखी बाई टेप घेऊन अंगाशी येणार. तेव्हापासून मी फक्त हँगरचा नंबर सांगते. "तुझा कोट ११४. नंबर पाठ कर, चार वर्षं हाच." आकडा कपड्याचा, अंगाचा नाही.

यंदा ६१ नंबर ज्याला दिला तो रांगेतला सगळ्यात बुटका होता. ट्रॉम्बोन वाजवतो. ट्रॉम्बोनच्या सळईला सात जागा असतात आणि सातवी पार लांब, हात पूर्ण ताणावा लागतो. याचा हात तिथे पोचत नव्हता, हे त्याने मी न विचारताच सांगून टाकलं. सगळ्यात लहान बिबरसुद्धा त्याच्या बुटांवर लोळत होतं. मी चार बोटं आत दुमडलं आणि टाचण्या लावल्या. आमचे बिबर खालून हाताने शिवायचे असतात. धावदोरा, तोही सैल, आणि मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे पुढे उसवताना दिसतो. जास्तीचं कापड कधीच कापायचं नाही. हे मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. साताऱ्याला आमच्या शाळेचा निळा स्कर्ट पाचवीत घेतला तो आठवीपर्यंत चालला. वाढत्या अंगाचा घ्यायचा, दर जूनला दुमड सोडायची आणि जुन्या घडीची गडद रेघ मिरवत शाळेत जायचं.

या सगळ्यात मी पडले कशी, ते सांगते.

टेक्सासात बहुतेक मुलं सहावीत वाद्य हातात घेतात. आमच्या मुलीने फ्रेंच हॉर्न निवडला, कारण त्या टेबलासमोर रांग सर्वांत छोटी होती. तीन वर्षं गोड चाललं. आठवीच्या वसंतात हायस्कूलचा बँड त्यांच्या शाळेत येऊन वाजवून गेला. ड्रमवाल्यांनी भिंती हलवल्या आणि लेक घरी आली ती "आई, मला जायचंय" असं म्हणतच. पाठोपाठ पालकांची सभा. माझा नवरा पर्ड्यू विद्यापीठात शिकलेला. मैदानावर माणसं उभी करून अक्षर काढायची सुरुवात १९०७ साली आमच्याच बँडने केली, इंग्रजी पी काढला होता, हे तो गेली वीस वर्षं पाहुण्यांना ऐकवत आलाय. त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न माझा होता, आणि तो मी सभेत हात वर करून विचारला. नव्या मुलांना सीनियर त्रास देतात का?

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आलेला नव्हता, तो १९९९चा. वसतिगृहातले पहिले तीन महिने मला अजून आठवतात आणि त्यांच्याबद्दल मी लेकीला फारसं काही सांगितलेलं नाही. त्यात इकडचं एक प्रकरण वाचलं होतं. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा बँड इथे फार नावाजलेला. त्याचा ड्रम मेजर, म्हणजे बँडसमोर उभं राहून ताल देणारा, रॉबर्ट चॅम्पियन नोव्हेंबर २०११ मध्ये बँडच्याच बसमध्ये, बँडच्याच मुलांच्या मारहाणीत गेला. परंपरा म्हणून, स्वागत म्हणून मारहाण.

बँड डायरेक्टरांनी प्रश्न उडवून लावला नाही, हे मला आवडलं. ते म्हणाले, आमच्याकडे जड सामान आधी सीनियर उचलतात. नवा मुलगा स्वतःचं वाद्य सोडून दुसऱ्या कोणाची वस्तू उचलताना दिसला, तर मी त्या दुसऱ्याला बोलावतो. आणि नवीन मुलांसाठी म्हणून जो काही कार्यक्रम असेल, तो मोठ्यांनीही त्यांच्याबरोबर करायचा. एकट्या नव्यांनी करायचं असं इथे काही नाही. एवढंच बोलून ते फीच्या हप्त्यांकडे वळले. बोलणं आणि करणं यातलं अंतर मला ठाऊक होतं, म्हणून पुढे वर्षभर मी बारीक नजर ठेवली. ट्रक भरताना खरोखरच बारावीची मुलं आत आणि नववीची बाहेर उभी असत. शब्द पाळला गेला, एवढं नोंदवते.

जूनअखेरीस लेकीच्या फोनवर एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. ती मेलोफोन सेक्शनची लीडर, बारावीतली. टोपी आण. गॅलनचा पाण्याचा जग आण, बाटली पुरत नाही. चपला नकोत, बूट घाल. सनस्क्रीन कानामागेही लाव, सगळे विसरतात. सकाळी तळकट खाऊन येऊ नकोस. आणि शेवटी, "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच काही येत नसतं, मला दुसऱ्या आठवड्यापर्यंत डावा-उजवा कळत नव्हता." लेकीने तो मेसेज मला तीनदा वाचून दाखवला. मी त्यातली कानामागची सूचना तेवढी लक्षात ठेवली.

मेलोफोन का, तर फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं. मैदानावर वाजवला तर आवाज प्रेक्षकांकडे पाठ करून निघून जाईल. म्हणून मार्चिंगमध्ये हॉर्नवाल्यांच्या हातात मेलोफोन देतात. दिसायला फुगलेल्या ट्रम्पेटसारखा, तोंड समोर. फक्त एक भानगड होते. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबायच्या, मेलोफोनच्या उजव्या. तीन वर्षं डाव्या हातात मुरलेलं सगळं उजव्या हाताला नव्याने शिकवायचं. जुलैभर आमच्या घरात जे आवाज निघाले, त्यांचं वर्णन करत नाही.

आणि मग ऑगस्टमधला कँपचा पहिला दिवस, आणि माझी घोडचूक. टेक्सासात मार्चिंग बँडसाठीही खेळाडूंसारखा डॉक्टरी तपासणीचा फॉर्म लागतो. मी तो भरला होता, डॉक्टरांची सही होती, शिक्का होता. तारीख मागच्या वर्षीची होती. टेबलावरच्या बाईंनी मान वरही न करता सांगितलं, "फॉर्म नाही तर मैदान नाही." बरोबरच होतं त्यांचं, पण सांगायची तऱ्हा अशी की लेकीचे डोळे भरले. मी क्लिनिकला फोन लावत पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते आणि ती सावलीतल्या बाकावर एकटी. समोर शंभरावर मुलं पहिला धडा गिरवतायत आणि ही लांबून बघतेय.

कोणीतरी तिच्या हातात पांढऱ्या टेपचं बंडल आणि मार्कर दिला. पाण्याचे जग सगळे सारखेच दिसतात, प्रत्येकावर नाव चिकटवायचं होतं. नव्यांचे साठेक जग. कोणाचं नाव व्हिएतनामी, कोणाचं नायजेरियन, आमच्या भागातली तेलुगू आडनावं तर टेपवर मावेनात. दर सुट्टीला मुलं धावत येत आणि हिला आपलं नाव सांगत, हिज्जे सांगत. दुपारी मी नवा फॉर्म घेऊन पोचले तोवर तिला सगळ्या नव्या मुलांची नावं, वाद्यं आणि कोण किती पाणी पितं ते पाठ झालं होतं. मैदानावर असती तर शेजारच्या दोघांचीही नावं कळली नसती, असं आता ती स्वतःच म्हणते. माझी चूक मात्र अजून सांगते, पाहुण्यांसमोर.

मैदान म्हणजे तरी काय, शाळेचं पार्किंग. डांबरावर फुटबॉलच्या मैदानासारख्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, दर पाच यार्डांवर एक. मार्चिंगचं गणित त्या रेघांवर चालतं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. उंच असो, बुटका असो, पाऊल साडेबावीस इंच. टाच आधी टेकायची, चवडा वर, आणि पाऊल रुळासारखं पुढे गुंडाळत न्यायचं, म्हणजे वरचं अंग हलत नाही आणि वाजवताना सूर हेलकावत नाही. पाय डावीकडे जात असले तरी छाती प्रेक्षकांकडे. प्रत्येकाला एक नंबर, लेकीचा एम ४. त्या नंबराची जागा खेळाच्या प्रत्येक चित्रात, म्हणजे मैदानावरच्या मांडणीत, ठरलेली आणि फोनवरच्या ॲपमध्ये नोंदलेली असते. चाळिसाच्या रेघेच्या बाहेर दोन पावलं, पुढच्या हॅशच्या, म्हणजे मैदानाच्या लांबीभर मारलेल्या तुटक खुणांच्या ओळीच्या, पुढे सहा पावलं. याला डॉट म्हणतात. असे सत्तर-ऐंशी डॉट, आणि एकावरून दुसऱ्यावर किती तालांत जायचं तेही ठरलेलं. शिडीवर चढलेले डायरेक्टर माइकवरून म्हणतात, "वन मोर टाइम." इतकं धादांत खोटं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. ते एकदा म्हटलं की अजून सहा वेळा होतं.

बँडमध्ये राखीव खेळाडूंचा बाक नसतो, निदान आमच्याकडे नाही. जेवढी मुलं तेवढे डॉट. त्यामुळे नव्याला तू लहान आहेस, थोडा वेळ बाजूला बसून बघ, असं म्हणायची सोयच नाही. तिसऱ्या दिवशी त्याला त्याचा डॉट मिळतो आणि तो तिथे नसेल तर त्या जागी भोक दिसतं.

कँपच्या शेवटच्या संध्याकाळी पालकांना बोलावतात. मुलं जेवढं बसलंय तेवढं करून दाखवतात आणि मग माइकवरून घोषणा होते, आता आईबाबांनी आपापल्या मुलाचं वाद्य घेऊन त्याच्या डॉटवर उभं राहावं. मला याची कल्पना नव्हती. मी कुर्ता आणि कोल्हापुरी घालून गेलेले. लेकीने मेलोफोन माझ्या हातात दिला, कोपर बाहेर, हनुवटी वर, असं खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाली, "आई, खाली बघायचं नाही." शाळेत मी लेझीम खेळले आहे. तिथे डोळ्याच्या कडेने शेजारणीचे पाय बघूनच पाऊल टाकायची सवय. इथे नजर ड्रम मेजरवर. ताल देणारा मेट्रोनोम मोठ्या स्पीकरवर टकटक करत होता. आठ पावलं पुढे. माझी आठ पावलं झाली तेव्हा रेघ अजून दीड पाऊल लांब होती. मग आठ मागे, चवड्यांवर, टाच न टेकता. तिसऱ्या पावलाला माझी कोल्हापुरी निघाली आणि पाचव्याला मी एका उंच ट्यूबावाल्या वडिलांच्या पायावर होते. वाद्य मी एका मिनिटात खाली केलं, हात भरून आले होते. लेक आठवडाभर रोज कित्येक तास ते असंच धरून होती. घरी जाताना गाडीत मी तिला काही बोलले नाही, फक्त एसी तिच्याकडे वळवला.

मधली दोन वर्षं भराभर गेली. मी युनिफॉर्ममध्ये शिरले. नवरा सामानाच्या गाड्या ढकलणाऱ्या वडिलांमध्ये गेला. शाळेच्या फुटबॉल सामन्यांच्या वेळी खाण्याच्या टपरीवर आम्ही पालक फ्रिटो पाय विकतो, त्या पैशांतून ज्यांना फी जड जाते त्यांचे हप्ते भागतात. कोणाचे, ते आम्हाला कळत नाही आणि आम्ही विचारत नाही. फ्रिटो पाय म्हणजे चिप्सच्या पाकिटात ओतलेली राजम्याची तिखट आमटी आणि चीज. भेळेचा दूरचा, वाया गेलेला भाऊ.

यंदा लेक अकरावीत, मेलोफोनची सेक्शन लीडर. जूनमध्ये चार नव्या मुलांना मेसेज पाठवायचा होता. दोन दिवस तिने मसुदे खरडले. मी सुचवलं, तुझ्या वेळचा मेसेज आहे ना, तोच पाठव. म्हणाली, "तो तिचा होता." शेवटी जे पाठवलं त्यात कानामागचं सनस्क्रीन होतंच, आणि एक नवी ओळ होती. "डॉक्टरच्या फॉर्मवरची तारीख बघा. माझ्या आईने बघितली नव्हती."

कँपच्या पहिल्या सकाळी दोघा मुलांचे फॉर्म अडकलेच. लेक टेप आणि मार्कर आधीच खिशात घेऊन आली होती.

त्याच सकाळी टेबलापाशी एक बाई घुटमळत होत्या. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यांनी सरळ मराठीतच विचारलं, "अहो ताई, तुम्ही इथल्याच का? याचं अभ्यासाचं कसं हो होतं?" वर्षभरापूर्वी नागपूरहून आलेल्या. मुलगा क्लॅरिनेटवाला, तो आईपासून दहा फूट लांब, आपली ओळख नसल्यासारखा उभा. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, राज्याचा नियम आहे. सामने त्यात धरत नाहीत, म्हणून शुक्रवारची रात्र गेली समजा. १९८४चा आणखी एक कायदा आहे, एखाद्या विषयात ७०च्या खाली गेला की स्पर्धेत उतरता येत नाही, त्यामुळे अभ्यासाची काळजी आपल्यापेक्षा सेक्शन लीडरच जास्त करतात. आणि हा हंगाम पीटीच्या क्रेडिटमध्ये धरला जातो, म्हणजे एक तास मोकळा.

"पण गणपतीत?" त्यांनी विचारलं. तिथे मी खोटं बोलले नाही. दर वर्षी एक ना एक शनिवार आडवा येतोच. मागच्या वर्षी आमची लेक आरतीला पोचली ती बँडचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतचे काळे मोजे घालून, आणि प्रसादाच्या रांगेत बसल्या बसल्या झोपली. बाई हसल्या. "चला, देवाला सवय झाली असेल," म्हणाल्या.

पण त्यांचा मुलगा नवव्या दिवशी सोडून गेला. कोणी त्रास दिला नव्हता. सेक्शन लीडर घरी जाऊन बोलून आला, डायरेक्टर बोलले. मुलाचं म्हणणं एकच, मला क्लॅरिनेट आवडतं, हे नाही आवडत. लेकीला फार लागलं. तो तिच्या सेक्शनमधलाही नव्हता, तरी. क्लॅरिनेटच्या ओळीत भोक पडलं आणि दोन्ही बाजूंच्या मुलांना पाऊण-पाऊण पाऊल आत सरकायला लागलं. मला विचाराल तर त्याने बरं केलं. इथले पालक आणि मुलं या बँडबद्दल असं बोलतात, की जणू बाहेर राहिलेल्याचं बालपणच हुकलं. तसं काही नसतं. त्याला संगीत हवं होतं, उन्हात मागे चालणं नको होतं. पुढे तो फक्त बसून वाजवायच्या बँडला राहिला. त्याच्या आईला मी फोन केला तर त्या ओशाळल्या होत्या, कपड्याचं माप वाया गेलं म्हणून. मी म्हटलं, अहो, कापड आम्ही कापत नाही, त्याचा कोट दुसऱ्याला गेलासुद्धा.

त्याचं नाव चिकटवलेला जग मात्र आठवडाभर फळीवर तसाच होता. तो काढायचा कोणी, हे कोणालाच ठरवता येईना.

ऑगस्टअखेर पहिला सामना. नवी मुलं पहिल्यांदा पूर्ण पोशाखात. पाच वाजल्यापासून आमच्या खोलीत झुंबड. शाकोखाली केस दिसता कामा नयेत, म्हणून लांब केसांच्या मुली आणि दोन मुलगे माझ्यासमोर पाठ करून बसले. इथे या वेणीला फ्रेंच ब्रेड म्हणतात. मी आपली टाळूपासून केस उचलत घट्ट वेणी घालते आणि ती वर दुमडून पिना खुपसते. एकाला दुखलं तर म्हणाला, "इट्स ओके, मॅम," पण मान गच्च धरली होती. एका नव्या मुलीने काळ्या मोज्यांऐवजी पांढरे आणले. मोज्यांची एक पेटी आम्ही अशांसाठीच ठेवतो. एकीने कोट घातल्यावर कळलं की बिबर राहिलं. एक जण कोपऱ्यात बसून शांतपणे ओकला आणि तोंड धुऊन परत रांगेत आला. हेही दर वर्षी एकाचं होतंच.

दुसरा क्वार्टर, म्हणजे अर्धा सामना, संपत आला की मुलं मध्यंतरातल्या आपल्या खेळासाठी मैदानाच्या कडेला ओळीत उभी राहतात आणि आम्ही पांढरे हातमोजे घालून तुऱ्यांच्या पेट्या उघडतो. शाकोवरचे पांढरे तुरे मुलांकडे देत नाहीत. लगेच मळतात आणि महाग असतात. ओळीतून जात प्रत्येकाच्या शाकोत तुरा खोवायचा आणि खेळ संपला की तसाच काढून घ्यायचा. शिरपेचातला मानाचा तुरा म्हणतात तो माझ्या हिशेबी असा पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि त्याची पेटी नवरा ढकलत आणतो. मोठी मुलं नुसती मान झुकवतात. नव्यांना किती झुकायचं ते कळत नाही, कोणी कमरेत वाकतं. ६१ नंबर मात्र ताठ उभा राहिला, कारण मी तरीही वरूनच खोवत होते. त्याच्या शेजारची बारावीची मुलगी पुढे बघत, ओठ न हलवता त्याला सांगत होती, "पहिलं पाऊल डावं. डावं. बाकी येईल."

त्याचं पहिलं पाऊल डावंच पडलं. चौथ्या चित्रात तो दोन यार्ड भलतीकडे गेला आणि ती मुलगी खेळ संपेपर्यंत त्याच्या डॉटकडे डोळ्यांनी खुणावत राहिली. वरून हे फक्त मी बघत होते असं मला वाटलं. खाली उतरल्यावर कळलं की डायरेक्टर, त्याची आई आणि टपरीवरचे तीन वडील, सगळ्यांनीच पाहिलं होतं.

मग सप्टेंबर, ऑक्टोबर, स्पर्धांचे शनिवार. आम्हाला विभागात पहिली श्रेणी मिळाली, पुढे सॅन अँटोनिओच्या अलामोडोमपर्यंत, म्हणजे राज्याच्या अंतिम स्पर्धेपर्यंत, काही पोचलो नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या सामन्याआधी मी खोलीत सुटी बटणं लावत बसले होते. दारात ६१ नंबर. बिबर घातलेलं, कोट हातात. काही न बोलता त्याने स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं. बिबरची कड आणि बूट यांच्या मध्ये दोन बोटं काळा मोजा दिसत होता. तीन महिन्यांत! माझ्या तोंडून "अरे, केवढा वाढलास!" हे मराठीतच निघणार होतं. पलीकडे प्रमुख बाई हँगर मोजत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"६१ ना?" मी विचारलं.

"यस मॅम."

मी त्याला स्टुलावर उभं केलं, खाली बसले आणि दोरा उसवायला घेतला. मुद्दाम पिवळा घातला होता, लगेच सापडला. दोन बोटं दुमड सुटली आणि काळ्या कापडावर जुन्या घडीची रेघ उमटली, इस्त्रीनेही न जाणारी. तो खाली वाकून ती रेघ बघत होता.

"ही दिसेल का?"

"वरून नाही दिसत," मी म्हटलं, आणि सुईत दोरा ओवला.